दोन देश आणि बुधीबायचं घर

आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन प्रकारचा माल गोळा व्हायचा. एक म्हणजे डेटा. तो रोजच्या रोज नेटवरून पुण्याला आणि इटलीला जायचा, म्हणजे नेट असलं तर! दुसरा माल म्हणजे किस्से. ते ना पुण्याने मागितले ना इटलीने, त्यामुळे सगळे माझ्याकडेच साठले. संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर आम्ही मित्र बसतो. तिथे एक किस्सा काढला की त्याच्या मागोमाग दुसरा येतोच, आणि मग घरून फोन यायला लागतात.

मी राऊत. गाव चिखले, नोकरी डहाणूत, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. २०१८च्या दिवाळीनंतर आमच्याकडची जमीन हलायला लागली. तलासरीच्या बाजूला तर जास्तच. आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग फळीवरची भांडी वाजायची. लोकांनी अंथरुणं अंगणात काढली ती काढलीच. अशात पुण्याहून डॉ. देशमुख आले आणि त्यांच्याबरोबर इटलीच्या डॉ. लुचिया आल्या. भारत आणि इटली मिळून या हादऱ्यांचा अभ्यास करणार असा करार झाला होता. करारात 'स्थानिक समन्वयक' असं एक पद होतं. ते मला मिळालं. या पदाचं काम काय, असं मी देशमुखांना विचारलं.

"दोन देशांत कुठे अडलं तर सोडवायचं," ते म्हणाले. "आणि जेवणाचं बघायचं."

मग आमचा ड्रायव्हर किसन. तलासरीचाच. पाड्यावरच्या लोकांशी त्यांच्या बोलीत तोच बोलायचा. खरा समन्वयक तो होता, पण त्याचं नाव करारात नव्हतं.

* * *

भूकंपमापक ठेवायचा तर जागा शांत लागते. रस्ता नको, गुरं नकोत, माणसांची वर्दळ नको. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्हाला अशी जागा मिळाली. बुधीबायचं घर. कुडाचं झोपडं मोडून त्याच जागेवर तिला सरकारी योजनेतलं पक्कं घर मिळालं होतं. कितीतरी वर्षं वाट बघून मिळालेलं. विटांच्या भिंती, वर पत्रे, दाराला निळा रंग. त्यात जेमतेम एक पावसाळा काढला असेल-नसेल, तोवर हादरे सुरू झाले आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तडा गेला. आता बुधीबाय, तिचा मुलगा आणि पोटुशी सून असे तिघं अंगणात मांडव घालून राहत होते. घर रिकामं. सेन्सरला यापेक्षा चांगली जागा कुठली?

देशमुखांनी तिला यंत्राची माहिती दिली. किसनने ती तिच्या बोलीत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"यानं जमीन हालायची थांबल?"

"नाही," देशमुख म्हणाले.

"मंग कवा हालल ते आधी कळल?"

"तेही नाही. हलल्यावर कळेल."

"ते तर मलाबी कळतं!"

लुचियाबाईंना मी इंग्रजीत सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या की मांडवाखालच्या कोंबड्या पळाल्या. बुधीबायही हसली. म्हणाली, "ठेवा तुमचं यंतर. पण माजं एक सांगा. या घरात आमी झोपायचं का नाय? सून पोटुशी हाय. पावसात तिला मांडवात ठेवू काय? पावसाच्या आत सांगा म्हंजे झालं."

यावर देशमुख बराच वेळ बोलले. शक्यता, अनिश्चितता, पुढच्या हादऱ्याची तीव्रता, बांधकामाची प्रत. किसनने सगळं ऐकलं आणि तिला म्हणाला, "साहेब सांगतात, सांगता येत नाय."

"एवढं सांगाया एवढा वेळ?" बुधीबाय म्हणाली.

* * *

यंत्र बसलं आणि पंधरवड्यात इटलीहून फोन. लुचियाबाई तेव्हा तिकडे परत गेल्या होत्या. बुधीबायच्या घरच्या सेन्सरवर रोज सकाळी एक सिग्नल येतोय, एकदम नियमित, एकसारखे ठोके, जमिनीत अगदी उथळ! असं काही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे विद्यार्थी नाचायला लागले होते. देशमुखांना दगडखाणीचा संशय. पण जवळपास खाण नाही. जमिनीखाली पाणी हलत असेल काय, यावर दोन्ही देशांत चर्चा झाली. शेवटी मला हुकूम झाला, सकाळी जाऊन बघा.

मी आणि किसन सकाळी पोचलो. दार उघडं. आत यंत्राच्या शेजारी उखळ, आणि पाड्यावरच्या दोन बायका आळीपाळीने मुसळाने भात कांडतायत! तिसरी बाई तिच्या पाळीची वाट बघत बसलेली. बुधीबाय सुपात पाखडत होती.

"अगं बाय, या घरात कोणी राहायचं नाही असं ठरलं होतं ना?" मी म्हणालो.

"कोन राहतंय?" ती म्हणाली. "आमी कांडून निघून जातो. एवढी घट्ट जमीन सगळ्या पाड्यात नाय. मोकळी ठेवून काय करायची?"

मी इटलीला कळवलं. माझ्या मनात आलं, आता बाई भडकणार, यंत्र दुसरीकडे हलवा म्हणणार. तर लुचियाबाई म्हणाल्या, "उखळ हलवू नका. बायकांनी जायचं कुठे? मला आता तो ठोका ओळखता येतो, मी डेटातून वजा करीन." तेव्हापासून तिकडे सिग्नल आला की विद्यार्थी एकमेकांना सांगायचे, 'बुधी उठली.' एकदा सिग्नल आला नाही तर इटलीहून चौकशी, बाईंची तब्येत बरी आहे ना? बरी होती. त्या दिवशी ती माहेरच्या लग्नाला गेली होती.

* * *

डहाणूत एकदा दोन्ही देशांच्या लोकांची मोठी बैठक झाली. हॉल भाड्याने घेतला, बॅनर लावला, दोन झेंडे लावले. इटलीचे चार पाहुणे, त्यांत परत आलेल्या लुचियाबाई, पुढच्या रांगेत, आपले अधिकारी स्टेजवर. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. विषय, भूकंपात घ्यायची दक्षता. आणि अगदी त्याच वेळी धाडकन आवाज झाला, खिडक्या थरथरल्या, स्टेजवरच्या पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या.

इटलीचे चारही पाहुणे क्षणात मैदानात! खुर्च्या रिकाम्या. बाहेर जाऊन त्यांनी मागे वळून बघितलं तर त्यांच्यामागे कोणीच नाही. आपले सगळे जागच्या जागी बसलेले. कपाळाला घाम, हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट, पण उठला एकही नाही. अध्यक्षांनी बाटली उभी केली आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

नंतर चहाच्या वेळी लुचियाबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमचे लोक इतके धीराचे कसे?"

"धीराचे कसले," मी म्हणालो. "अध्यक्ष उठल्याशिवाय उठायचं कसं?"

मग त्यांनी जाऊन अध्यक्षांना विचारलं की तुम्ही का नाही उठलात. अध्यक्ष हळूच म्हणाले, "समोरचं कोणी उठेना, मग मी एकटाच कसा पळू?"

* * *

जेवणाचं बघायचं काम माझ्याकडे होतं, हे मी सांगितलं. सुरुवातीला मी लुचियाबाईंसाठी हॉटेलातून सँडविच वगैरे आणायचो. त्या तोंड वाकडं करून खायच्या. एकदा चिखल्याला आमच्या घरी जेवायला आल्या आणि बायकोने केलेलं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी त्यांनी अशी काही खाल्ली की बायकोने दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. मग ते नेहमीचंच झालं. धाकट्या डहाणूच्या ज्या बाईकडून आम्ही मासे घेतो तीही विचारायला लागली, "तुमची गोरी आज येणार हाय का? मंग मोठे बोंबील काढते."

परतफेड म्हणून लुचियाबाईंनी एकदा आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. इटलीहून आणलेला पास्ता, लसूण, तेल, आणि आमच्याकडची सुकट! आमच्या ओट्यावर दोन देशांचं खरंखुरं सहकार्य चाललं होतं. बाईंनी हात हलवत हलवत वाढलं, आणि बायको काय म्हणते याकडे डोळे लावून बसल्या. बायकोने दोन घास खाल्ले. तिसरा खाल्ला. आमच्या बायकोला खोटं कौतुक जमत नाही, आणि पाहुणीला दुखवायचंही नव्हतं.

"शेवया छान झाल्यात," ती म्हणाली. "फक्त सुकटीऐवजी गूळ घालायला हवा होता."

* * *

आता शाळेचा किस्सा. इटलीच्या पैशातून पोस्टर छापून आली होती. भूकंप आला की काय करायचं, चित्रांसकट. सगळ्यात मोठ्या चित्रात आई, बाप आणि दोन मुलं जेवणाच्या टेबलाखाली बसलेली. ती पोस्टर घेऊन आम्ही बुधीबायच्या पाड्यावरच्या शाळेत गेलो. लुचियाबाई मुलांना म्हणाल्या, "आता मी शिट्टी वाजवते. घरात आहात आणि हादरा आला असं समजा, आणि चित्रातल्यासारखं करा."

शिट्टी वाजली. एकही मूल हललं नाही.

"काय झालं?"

एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "बाई, घरात टेबल नाय."

"कोणाकोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हतं. सगळ्या पाड्यात एकच टेबल होतं, ते वर्गातलं, गुरुजींचं. सगळ्या मुलांच्या माना त्या टेबलाकडे वळल्या. त्याच्याखालून आवाज आला, "मॅडम, झालं का? येऊ बाहेर?"

गुरुजी शिट्टी वाजल्याबरोबर आत गेले होते!

मुलं खिदळली, आम्हीही हसलो. पण परत येताना लुचियाबाई गाडीत म्हणाल्या, "आम्ही चित्र काढलं तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही." त्यांनी ती सगळी पोस्टर परत घेतली आणि देशमुखांना बसवून नवीन चित्र काढून घेतलं. त्यात टेबल नव्हतं. अंगण होतं. मला त्या दिवशी ही बाई फार आवडली.

* * *

मार्च-एप्रिलच्या सुमारास पाड्यावर कुरबुर सुरू झाली. यंत्रं आल्यापासून जमीन जास्त हलते! यंत्र जमिनीत काहीतरी सोडतं! किसन म्हणाला, साहेब, लोकांनी सभा लावलीय, आपल्याला बोलावलंय. देशमुख अख्खी सकाळ आलेख तयार करत बसले. हादरे आधीपासूनच होते हे दाखवणारे, रंगीत.

सभा आंब्याखाली होती. एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, "तुमचं यंतर उचला न् घेऊन जा तुमच्या गावाला." पुष्कळ माना डोलल्या. देशमुखांनी आलेख उघडले. कोणी बघेना.

तेव्हा लुचियाबाई उठल्या. त्या बोलायच्या, मी मराठीत सांगायचो आणि किसन पुढे. त्या म्हणाल्या, "मी डोंगरातल्या गावची. मी लहान असताना आमचं गाव असंच हलत होतं. आमच्याकडेही शहरातून यंत्र आलं. आमच्या लोकांनाही असंच वाटलं. त्यांनी ते उचलून विहिरीत टाकलं."

म्हातारबाबा पुढे सरकले. "मंग?"

"मग काय?"

"हालायचं थांबलं?"

"नाही."

म्हातारबाबांनी थोडा विचार केला. "मंग राहू दे," ते म्हणाले. "आपली विहीर कशाला खराब करा."

सभा संपली. देशमुखांनी आलेख गुंडाळून ठेवले.

उठता उठता बुधीबायने लुचियाबाईंना विचारलं, "तुजं घर राहिलं का पडलं, पोरी?"

"अर्धं पडलं," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे वडिलांच्या मोटारीत झोपायचो. माझी आजी रोज विचारायची, घरात कधी जायचं? तिला कोणी सांगितलंच नाही. ती शेवटपर्यंत घरात गेली नाही."

हे मी मराठीत सांगितलं, किसनने पुढे. बुधीबायने बाईंचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

* * *

मे महिना संपत आला. बुधीबायच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मांडवावरचा पाला वाळून चालला होता. आमची गाडी दिसली की बुधीबाय एकच विचारायची, "झोपायचं का नाय?" आणि दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ यंत्राकडे बघायला लागायचे. त्यांचीही अडचण होती. घर सुरक्षित आहे किंवा नाही, यातलं एक अक्षरही प्रोजेक्टच्या लोकांनी बोलायचं नाही, असं करारातच लिहिलेलं होतं. घरं तपासायला एक साहेब येऊन गेले होते. ते 'लक्ष ठेवा' म्हणाले. बुधीबाय म्हणाली, "मी लक्षच ठेवून हाय. आनखी काय करू?"

मग लुचियाबाईंनी एक केलं. त्यांच्या गावाकडे तडा गेलेल्या भिंती कशा बांधून काढतात ते त्यांना ठाऊक होतं. करारात बोलू नका असं होतं, काम करू नका असं कुठे होतं! पाड्यावरच्या गवंड्याला त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खिडकीच्या वरून घरभर सळ्यांचा पट्टा, चारी कोपऱ्यांना आतून-बाहेरून लोखंडी जाळी आणि त्यावर जाड प्लास्टर, पत्रे भिंतीला घट्ट बांधलेले. सगळा पाडा कामाला लागला. बायकांनी वाळू वाहिली. देशमुख आधी लांब उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पँट दुमडली आणि घमेलं उचललं. मी पाणी मारायचो. लुचियाबाई तर जाळी ठोकता ठोकता कोपरापर्यंत सिमेंटने माखल्या होत्या.

काम झालं. प्लास्टर वाळलं. त्या दुपारी आभाळ चांगलंच भरून आलं होतं. भिंतीचा तडा आता दिसत नव्हता. बुधीबायने घराला एक फेरी मारली, कोपरे हाताने चाचपले आणि सगळ्यांसमोर आमच्यापुढे येऊन उभी राहिली. सून मांडवात बसून बघत होती.

"आता सांगा," ती म्हणाली. "झोपायचं का नाय?"

देशमुखांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, बाय..."

लुचियाबाईंनी मला विचारलं, "काय म्हणतेय?"

"तेच," मी म्हणालो.

त्यांनी देशमुखांकडे बघितलं. मग दारात बूट काढले, आत गेल्या, आणि ज्या भिंतीला तडा गेला होता तिच्या पायथ्याशी जमिनीवर सरळ आडव्या झाल्या. हाताची उशी केली आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांचं काम अंगात होतं. थोड्या वेळाने घोरायलाच लागल्या!

देशमुख आणि मी आत जाऊन कोपऱ्यात बसलो. बुधीबाय उंबऱ्यात उभी. एवढ्यात जमिनीतून तो ओळखीचा आवाज आला, धाड! आणि पत्रे खडखडले, यंत्राच्या पेटीचं झाकण वाजलं. मी उंबरा कधी ओलांडला ते मला कळलंच नाही. अंगणात पोचलो तर देशमुख माझ्या पुढे होते.

मागे वळून बघितलं. भिंत उभी. लुचियाबाई कुशीवर वळल्या होत्या, आणि घोरणं चालूच.

बुधीबाय उंबऱ्यातून हलली नव्हती. तिने अंगणातल्या आम्हा दोघांकडे बघितलं, मग आत झोपलेल्या बाईकडे बघितलं, आणि सुनेला हाक मारली.

"आपली हातरुणं आन गं आत. आनि हिला एक उशी दे."